मयताची गाडी हिसके देते

कसाई आन्सेल्मोचा शेवटचा प्रवास सहाशे मीटरचाच होता. चर्चच्या पायऱ्यांपासून वरच्या दफनभूमीपर्यंत. तेवढ्या अंतरात मयताच्या गाडीनं त्याला एकोणीस हिसके दिले. मागून चालणाऱ्या बँडमधल्या ढोलवाल्यानं ते मोजले, कारण सातव्या हिसक्याला पुढच्या ट्रॉम्बोनवाल्याचं वाद्य गाडीच्या मागच्या दारावर आपटलं आणि तो मागे सरकून ढोलावर बसला. त्यानंतर माणूस मोजणारच.

अकराव्या हिसक्याला आन्सेल्मोची बायको रोसाल्बा किंचाळली, "थांबवा! त्याला जायचं नाहीये! आतून ढकलतोय तो!"

"अगं, तो जिवंतपणी दुकान सोडून कुठं गेला नाही," तिचा दीर म्हणाला. "आता एकदम कसा जाईल? चला पुढं."

गाडी चालवत होती ओतिलिया. ला लोमा गावात मयताचं काम करणारं एकच दुकान, तिचे वडील बेलिसारियो रेस्त्रेपो यांचं. बावीस वर्षं त्यांची गाडी क्लिमाको चालवायचा. क्लिमाको सहा फूट दोन इंच. गाडीत बसला की डोकं टपाला लागायचं, म्हणून त्यानं हॅट घालणंच सोडलं होतं. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तो लेकीकडे पेरेइराला राहायला गेला. ओतिलिया तोवर दुकानाच्या मागच्या खोलीत पेट्यांची साटीनची अस्तरं शिवायची. वय एकेचाळीस, उंची चार फूट दहा, गाडीचा परवाना अकरा वर्षांचा. "मी चालवते," ती म्हणाली. दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून बेलिसारियो हो म्हणाले. तिनं सीट ओढून पार पुढं घेतली, पाठीला उशी लावली आणि पहिल्याच दिवशी गाडीनं हिसके द्यायला सुरुवात केली.

आन्सेल्मोच्या अंत्ययात्रेनंतर घरी बेलिसारियो सुजलेला पाय स्टुलावर ठेवून वाट बघत बसले होते. त्यांच्या पायाच्या बोटांना वातरक्त होतं, पण बातम्या कानानंच येतात.

"एकोणीस?" त्यांनी विचारलं.

"ढोलवाल्याला धड ताल मोजता येत नाही," ओतिलिया म्हणाली.

"मला उत्तर नको, कारण हवंय. हिसके का देते?"

"अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागं ओढते, मग उडी मारते. ब्रेक लावला की पुढं ढकलते, मग पुन्हा मागं. चढावर तर विचारूच नका. मी काय करू?"

"लिबार्दोकडे ने."

लिबार्दो हा गावातला एकमेव मिस्त्री. ढांगा टाकत चालणारा, अंगानं लांबच लांब. गाडीचं बॉनेट उघडायच्या आधीच त्यानं निदान केलं.

"प्लग. मिसिंग मारतेय."

"तुम्ही अजून बघितलंही नाही."

"बाई, डॉक्टर दारातच माणसाचा रंग बघून सांगतो की नाही?"

त्यानं चारही प्लग बदलले. मग सीटच्या खालची कडी ओढून सीट धाडकन मागं सारली, पाय लांब सोडले आणि गाडी चौकाला एक चक्कर मारून आणली. "लोणी!" तो म्हणाला. "बसा." ओतिलियानं सीट पुढं ओढली, उशी लावली, निघाली. शाळेच्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत तीन हिसके.

दुसऱ्या दिवशी लिबार्दोनं पेट्रोलचा फिल्टर काढला, टाकी रिकामी केली, टाकीच्या तळाशी वाटीभर गढूळ पाणी दाखवलं. "हे बघा. हे प्यायल्यावर तुम्हीसुद्धा हिसके द्याल." मग कार्बोरेटर उकलून धुतला. सीट मागं, एक चक्कर. "लोणी!" ओतिलिया बसली, सीट पुढं, आणि बेकरीसमोर गाडीनं अशी उडी मारली की बेकरीवाल्याच्या ताटातले ब्यून्येलो, चीजचे तळलेले गोळे, रस्त्यावर गडगडत गेले. ते पकडायला तीन कुत्री आणि एक पोलीस धावले.

तिसऱ्या वेळी लिबार्दोनं इंजिनाची माउंटिंगची रबरं बदलली. "इंजिन पुढं-मागं डुलत होतं. आता भिंतीत खिळा मारल्यासारखं बसलंय." त्यानं चक्कर मारली. लोणी. मग मात्र त्यानं शहाणपणा केला. "तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो."

ओतिलियानं गाडी सुरू केली. लिबार्दोनं एक हिसका खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याला त्याचं कपाळ समोरच्या काचेला लागलं. तो खाली उतरला, कपाळ चोळलं आणि एखाद्या वाईट बातमीसाठी काढतात तसा आवाज काढला.

"बाई, राग मानू नका. गाडीत दोष नाही."

"मग?"

"पायात आहे."

"कुणाच्या?"

"माझ्या तर नाही. मी तीन चकरा मारल्यात."

ही बातमी ओतिलिया घरी पोचायच्या आत तिच्या वडिलांपर्यंत पोचली होती. गावात विनोद सुरू झाले. म्हातारेकोतारे एकमेकांना सांगू लागले, 'मरायचं तर पेरेइराला जाऊन मरावं, तिथून निदान हाडं जोडलेली येतात.' रोसाल्बा दर रविवारी मिस्साहून परतताना दुकानासमोर थांबून छातीवर क्रॉसची खूण करायची. आणि खालच्या गावातल्या एका नव्या अंत्यसंस्कार कंपनीनं बेलिसारियोंच्याच गल्लीच्या तोंडाशी फलक लावला, 'आमची गाडी वाहत्या पाण्यासारखी चालते.'

ओतिलिया रोज दुपारी गावाबाहेरच्या कॉफीच्या मळ्यांमधल्या रस्त्यावर जाऊन सराव करायची. बूट काढून, अनवाणी पायानं. अंगठ्यानं अ‍ॅक्सिलरेटर दाबून. श्वास रोखून. गाडी हिसके देतच राहिली. एकदा तिनं गाडी थांबवली, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि चांगली दहा मिनिटं रडली. मग घरी येऊन साटीन शिवत बसली.

"दुवानला बोलावलंय," बेलिसारियो रात्रीच्या जेवणाला म्हणाले. दुवान त्यांचा भाचा. डोंगरावरून कॉफीची पोती ट्रकनं खाली आणायचा. "पुढच्या रविवारी येईल."

"तो पोती वाहतो, बाबा."

"पोत्यांनी आजवर तक्रार केलेली नाही."

ओतिलियानं सूपची वाटी अर्धी ठेवली आणि उठली. बेलिसारियोंनाही पुढचा घास गेला नाही, पण ते त्यांनी पायाच्या दुखण्यावर ढकललं.

शनिवारी सकाळी एर्मेलिंदाबाई दुकानात आल्या. वय एक्क्याण्णव. चाळीस वर्षं गावच्या शाळेत गणित शिकवलेलं. अर्ध्या गावाला त्यांनी पास केलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला आपलं नापास होणं अजून आठवत होतं. हातात छत्री, काखेत पर्स, पाठ फळ्यासारखी सरळ.

"बेलिसारियो कुठंय?"

"चौकात, कॉफी प्यायला गेलेत, बाई. पाय आज बरा आहे."

"मग तूच लिहून घे. पेटी साधी, देवदाराची. फुलं पांढरी. बँडला सांगायचं, ते नेहमीचं रडकं वाजवायचं नाही. आणि गाडी." बाईंनी छत्री जमिनीवर टेकली. "गाडीबद्दल मी काय काय ऐकतेय?"

ओतिलियानं मान खाली घातली. चौथीत घालायची तश्शीच. "हिसके देते, बाई."

"का?"

"लिबार्दो म्हणतो, माझ्या पायामुळं."

"लिबार्दोला अपूर्णांकांची बेरीज शेवटपर्यंत आली नाही. चल, गाडी काढ. मला जायचंय त्या गाडीतून, आधी बघून घेऊ दे."

बाई पुढं शेजारच्या सीटवर बसल्या. दुकानामागच्या गल्लीत ओतिलियानं गाडी सुरू केली. पहिला हिसका. दुसरा. बाईंनी रस्त्याकडे पाहिलंच नाही. मान वळवून त्या ओतिलियाकडे बघत राहिल्या, कॉपी करणाऱ्या पोराकडे बघावं तसं.

"थांब. पुन्हा. हळू."

हिसका.

"आता सांग. आधी गाडी उडी मारते की आधी तू मागं जातेस?"

"गाडी उडी मारते, म्हणून मी मागं जाते ना, बाई."

"हे तू बघून सांगतेस की गृहीत धरून?"

बाईंनी पर्स उघडली. पर्समध्ये खडू होता. शाळा सोडून पंचवीस वर्षं झाली तरी होता. खाली उतरून त्या ड्रायव्हरच्या बाजूला आल्या, वाकल्या, आणि सीटच्या कडेवर एक रेघ मारली. तिच्या बरोब्बर समोर दाराच्या चौकटीच्या पत्र्यावर दुसरी.

"दार उघडंच ठेव. चार पावलं जा आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडू नकोस."

ओतिलिया चार पावलं गेली. बाई छत्री टेकत बाजूनं चालल्या. गाडी पुढं सरकली तशी सीटवरची रेघ चांगली चार बोटं मागं गेली. सीट मागं गेली तसा ओतिलियाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून सुटला. पाय सुटला तशी गाडी मंदावली, गाडी मंदावली तशी सीट घसरून पुढं आली, पाय पुन्हा दाबला गेला आणि गाडीनं उडी मारली.

"गाडी हलत नाही," बाई म्हणाल्या. "तू हलतेस."

ओतिलिया खाली उतरली आणि सीटखाली हात घातला. बोटं बाहेर आली ती पांढरी, तुळतुळीत. तिनं वास घेतला.

"मेण!"

क्लिमाको बावीस वर्षं मेणबत्त्यांचा खोका सीटखाली ठेवायचा. दफनभूमीबाहेर गाडी उन्हात उभी राहायची, मेणबत्त्या वितळायच्या आणि मेण सीटच्या रुळात उतरायचं. त्याची सीट पार मागं. रुळातलं तिथलं भोक रोज वापरातलं, म्हणून सीट जागेवर धरणारी खुंटी तिथं नीट बसायची. पुढच्या भोकांना बावीस वर्षांत कुणी हात लावला नव्हता. ती मेणानं भरून सपाट झाली होती. खुंटी वरच्यावर टेकायची आणि खालचा रूळ कुणी मुद्दाम तेल लावावं तसा गुळगुळीत. लिबार्दो दर वेळी लांब पायांसाठी सीट मागं सारायचा. मागं खुंटी बसायची. मग लोणी नाही तर काय होणार?

ओतिलिया मटकन गाडीच्या पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"रडणं नंतर," बाई म्हणाल्या. "पाणी तापव."

दोन किटल्या कढत पाणी आणि पेट्यांचं कापड टोचायची मोठी आरी. पाऊण तास लागला. मेणाचे थर निघाले, साधे पांढरे, मध्येच ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतले जांभळे. शेवटी ओतिलियानं सीट पुढं ओढली आणि खुंटी भोकात 'टक्' करून उतरली. तो आवाज तिनं तीनदा काढून ऐकला.

मग गल्लीत एक फेरी. गाडी निघाली, चालली, थांबली. एवढंच झालं. त्याच्याहून सुंदर काही आपण पाहिलेलं नाही असं ओतिलियाला वाटलं.

"झालं, बाई! तुम्हाला घरी सोडते."

"पुढं बसून माझी काय परीक्षा होणार?" बाई म्हणाल्या. "मी जाणार आहे ती मागून. मागचं दार उघड."

"बाई, मागं..."

"ओतिलिया."

तिनं मागचं दार उघडलं. बाई पेटी ठेवायच्या फळीवर आडव्या झाल्या, छत्री शेजारी ठेवली, हात छातीवर घेतले आणि डोळे मिटले. "डोळे उघडे ठेवले तर हिसका येण्याआधीच कळतो," त्यांनी आतून सांगितलं. "चौकातून घे. उतार तिथंच आहे."

गाडीला दोन्ही बाजूंनी काचा होत्या. शनिवारचा बाजार भरलेला होता. डोंगरावरचे शेतकरी, खेचरं, चीजची दुकानं, केळ्यांचे घड, सगळा चौक गच्च. ओतिलिया उतारावरून आली ती अशी, की दुधाचं भांडं असतं तर साय हलली नसती. पहिल्या शेतकऱ्यानं हॅट काढली. ओतिलियानं मान लववली. दुसऱ्यानं काढली, मग रांगेनं सगळ्यांनी. तिला वाटलं, गावाला कळलं! गाडी हिसके देत नाही हे गावाच्या लक्षात आलं! तिनं डाव्या-उजव्या बाजूला हसून मान हलवायला सुरुवात केली.

"बघ कशी हसतेय," एक बाई म्हणाली. "मेलेल्याचीसुद्धा लाज नाही."

तोवर कुणीतरी चर्चमध्ये धावलं आणि घंटा वाजू लागली. बँडमधले जे दोघं बाजारात बटाटे घेत होते ते पिशव्या ठेवून वाद्यं आणायला पळाले. औषधाच्या दुकानाचे मालक एव्हेलियो पांढऱ्या कोटातच बाहेर आले आणि काचेला हात लावून गाडीबरोबर चालू लागले.

"किती मायाळू बाई!" ते मोठ्यानं म्हणाले, लोकांना ऐकू जाईल असं. "मला तर पोटच्या पोरासारखं वागवलं! मी आज जो आहे तो बाईंमुळं! पहिल्या झटक्यात गणितात पास झालो!"

चौकाच्या कोपऱ्यातल्या कॉफीच्या टेबलावरून बेलिसारियोंनी मान वर केली. त्यांचीच गाडी, त्यांचीच मुलगी, आणि मागं मयत. मयताची वर्दी मात्र त्यांना कुणी दिली नव्हती! इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. ते सुजलेला पाय विसरून रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"थांब! कोण गेलं? मला न विचारता कोण गेलं?"

ओतिलियानं ब्रेक लावला. गाडी थांबली, इतकी अलगद की फळीवरची छत्रीसुद्धा घरंगळली नाही. आणि घंटेच्याही वर मागून खणखणीत आवाज आला.

"एव्हेलियो, खोटं बोलू नकोस. तू तीनदा नापास झालास."

एर्मेलिंदाबाई उठून बसल्या होत्या.

पुढचं सगळं चारेक मिनिटांत घडलं. रोसाल्बा चीजच्या दुकानावर कोसळली. एक खेचर कॉफीची दोन पोती टाकून डोंगराकडे निघून गेलं. घंटा वाजवणाऱ्याला कुणी थांबायला सांगितलं नाही म्हणून तो वाजवतच राहिला. एव्हेलियो दुकानात जाऊन शटर ओढून बसले. बाईंनी मात्र छत्री घेतली, ओतिलियाच्या हाताचा आधार घेऊन खाली उतरल्या आणि बेलिसारियोंना म्हणाल्या, "गाडी उत्तम आहे. एकही हिसका नाही. माझं नाव लिहून घ्या." मग त्या चीज घ्यायला गेल्या.

त्या दिवशी बेलिसारियो कान फाटेस्तोवर ओरडले. "माणसं मेल्यावर न्यायचा आपला परवाना आहे! जिवंत माणसं नेण्याचा नाही!"

"पण बाबा, कारण सापडलं. सीट..."

"कारण सीटचं असो नाहीतर सूर्याचं. पाद्रीबाबा येऊन गेले. रोसाल्बाचे भाऊ येऊन गेले. चीजवाला बसलाय बाहेर. दुवान उद्या येतोय, सोमवारपासून गाडी तो चालवेल. तू साटीन शिव."

ओतिलियानं वाद घातला नाही. रविवारी दुपारी गाव जेवून झोपलं तेव्हा ती गाडी घेऊन लिबार्दोच्या घरी गेली आणि त्याला मेणाची गोष्ट सांगितली. लिबार्दोनं आपल्या लांब पायांकडे पाहिलं.

"मी गावभर सांगितलं, बाई," तो म्हणाला. "तुमचा पाय म्हणून."

"हो. मी ऐकलं."

"आता मी काय करू, सांगा."

तिनं काय सांगितलं ते दोघांनाच माहीत. गाडी मात्र अंधार पडायच्या आत दुकानासमोर उभी होती.

सोमवारी दहाला एका म्हाताऱ्या शिंप्याची अंत्ययात्रा होती. पावणेदहाला दुवान काळा कोट घालून आला. पाच फूट अकरा इंच, खांदे दाराएवढे. त्यानं एक पाय आत घातला, दुसरा घातला आणि अडकला. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले, हनुवटीला टेकले.

"मामा, सीट मागं जात नाही."

"कडी ओढ."

"ओढतोय. कडीच हातात आली."

बेलिसारियोंनी स्वतः बसून पाहिलं. त्यांचं पोट आतच गेलं नाही. मग लिबार्दोला बोलावलं. तो आश्चर्यकारक वेगानं आला, गाडीखाली आडवा झाला, बराच वेळ तिथंच राहिला आणि हात पुसत बाहेर आला.

"रुळात बोल्ट आहे. आरपार. वरून वेल्डिंग मारलंय."

"कुणी?" बेलिसारियोंचा आवाज चढला.

"ते कसं कळणार? पण काम पक्कं आहे. चांगल्या माणसाचं."

"तोड ते."

"तोडतो की. दोन तास लागतील." लिबार्दोनं चर्चच्या घड्याळाकडे पाहिलं. "शिंपी थांबेल. पाद्रीबाबा थांबतील का, तुम्ही बघा."

बेलिसारियोंनी दुवानकडे पाहिलं, दुवाननं आपल्या गुडघ्यांकडे. मागच्या खोलीचं दार उघडलं आणि ओतिलिया बाहेर आली. काळा पोशाख, केस बांधलेले, काखेत उशी. बेलिसारियोंनी खिशातून किल्ली काढली, हातात जरा धरून ठेवली आणि मग तिच्यापुढं केली.

शिंप्याची अंत्ययात्रा सहाशे मीटर गेली, ती वाहत्या पाण्यालाही जमणार नाही इतकी संथ. दुवानला काहीतरी काम द्यायला हवं म्हणून त्याच्या हाती फुलांचं चक्र दिलं आणि गाडीच्या अगदी मागं चालायला सांगितलं. पण आयुष्यात इतक्या हळू जाण्याची त्याला सवय नव्हती. चढ संपायच्या आत त्याचं नाक दोनदा मागच्या काचेवर आपटलं.